झाडच न्हाई, मग मोहोळ कुठून?

माझ्या पोरीला मधमाशी सोसत नाही. कुणाला वांगं सोसत नाही, कुणाला ऊन सोसत नाही, माझ्या जावेला मी सोसत नाही. पण त्यानं कुणी मरत नाही. माझी पोरगी मरू शकते.

हे मला कळलं ती पहिलीत असताना. आमचं शेत आखाडा बाळापूरच्या रस्त्याला. तुरीला फुलं आलेली, पोरीनं पिवळं फूल म्हणून हात घातला आणि तळहाताला माशी डसली. साधी, लहान माशी. मी म्हटलं, रडू नको, तुळशीची माती लावू. माती लावेपर्यंत तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, अन् श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ह्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गाडी कशी हाणली आणि मी मागं पोरीला कशी धरून बसले, ते आता काही आठवत नाही. तो शिट्टीचा आवाज तेवढा आठवतो. पुढं नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "ह्या वेळी वाचली. पुढच्या वेळी एक माशीही बास होईल. इंजेक्शन लवकर मिळालं तर ठीक." एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला असा राग आला त्या माणसाचा! पण बोलणं खरं होतं, त्याला तो काय करणार.

तेव्हापासून मी मान वर करून चालायला लागले. लग्नाला गेलं की मंडपाआधी मी झाड बघायची. जत्रेत देवाआधी झाड बघायची. बसथांब्यावर कडुलिंबाखाली सगळे सावलीला उभे, अन् मी पोरीला घेऊन उन्हात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, आमच्या शाळेतल्या बाया हसायच्या. "मॅडम, आभाळात काय शोधून राहिल्या?" म्हणायच्या. हसा म्हटलं, तुमच्या लेकराच्या घशातून शिट्टी वाजली का कधी?

भीती होती ती आग्या मोहोळाची. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. घरातल्या गोधडीएवढं पोळं, उंच फांदीला उघडंच लोंबतं, वरून माशांचा काळा थर. नुसतं बसलेलं असलं तर गरीब. पण धूर लागला, दगड बसला, की सगळ्या माशा एकदम उठतात आणि माणसाला लांबवर पळवतात. धडधाकट गडी त्यात गेलेले आमच्या भागानं पाहिलेत. आमच्या शेताच्या ओढ्याला वड, उंबर, चिंचा. हिवाळ्यात त्या वडाला मोहोळांची रांग लागायची.

म्हणून तर आमच्याकडं हळद शिजवायची एक रीत होती. हळद काढली की ती शिजवावी लागते, तेव्हा कुठं वाळून बाजारात जाते. आधी कढया होत्या, आता ट्रॅक्टरवर येणारा वाफेचा कुकर आहे, पण खाली जाळ तो जाळच, अन् धूर तो धूरच. चूल पेटवायच्या आधी माझे थोरले दीर नारळ फोडायचे, चुलीला हळदकुंकू लावायचे, आणि मग हाकेच्या टप्प्यातलं एकेक झाड खालून वर बघून यायचे. आम्ही त्याला 'वर पाहणं' म्हणायचो. मोहोळ दिसलं तर चूल हलवायची, वारा बघायचा, नाहीतर दोन दिवस थांबायचं. गडी कितीही खोळंबले तरी भाऊजींचं वर पाहणं झाल्याशिवाय काडी ओढली जात नव्हती. एरवी भाऊजींचं माझं फार जमत नाही, पण ह्या एका गोष्टीला मी त्यांच्या पाया पडले असते.

पोरगी मोठी झाली तशी मी वसमतला जायचा हट्ट धरला. कारण सांगायला तिचं हायस्कूल होतं, खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. तिथं गावाबाहेर नवीन प्लॉटिंग पडत होतं. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा तिथं मोठं रान होतं, म्हणजे अर्धं उभं अन् अर्धं आडवं. कडुलिंब, चिंच, करंज, पळस. झाडं कापायची मशीन घरघरत होती, जेसीबी मुळं उपटत होता, अन् वीटभट्टीवाले लाकडं भरून नेत होते. दुसऱ्यांदा गेलो तर सगळं साफ. मुरूम टाकून रोलर फिरवलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्यात पाण्याची उंच टाकी उभी.

"बघा बाई," प्लॉटवाला म्हणाला, "इथं पानसुद्धा उडून येणार न्हाई."

मला दुसरं काय पाहिजे होतं? बाकीच्या बाया नळ कुठं, नाली कुठं विचारत होत्या. मी गोल फिरून पाहिलं. फांदी म्हणून नव्हती. ह्यांना म्हटलं, घ्या.

घर बांधलं, राहायला गेलो. उन्हाळ्यात भिंती तापून रात्रीपर्यंत वाफ सोडायच्या, पण माझी मान खाली आली. पोरगी एकटी दुकानात जायला लागली. मी खुशाल वर न बघता भाजी आणायला लागले. आमच्या पलीकडं दुसरं प्लॉटिंग पडलं, त्याच्या पलीकडं तिसरं. शाळा आली, गोदाम आलं, मंगल कार्यालय आलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना हिरवी रेघ दिसायची ती दरवर्षी मागं मागं सरकत गेली. वानरं गच्चीवर येऊन पापड न्यायला लागली. शेजारणीच्या मोरीत धामण निघाली. "वानरं माजली बाई," असं सगळ्या म्हणायच्या, मीही म्हणायची. ती कुठून आली, काहून आली, हे कुणी विचारलं नाही. आणि टाकीच्या बुडाला तीन काळे डाग पडले, ते सगळ्यांनी पाहिले. "टाकी पाझरून राहिली," म्हणून कॉलनीतली माणसं प्लॉटवाल्याशी भांडून आली. त्या टाकीत कधी पाण्याचा थेंब चढला नव्हता! प्लॉट विकायला उभी केलेली टाकी ती. कोरडी टाकी पाझरते कशी, हा विचार एका शहाण्याच्या डोक्यात आला नाही, अन् मास्तरीण असून माझ्याही नाही.

गेल्या साली ह्यांनी ठरवलं, हळद इथंच शिजवायची. काळ्या रानात भेगा पडतात, हळद मातीत जाते. इथं आमच्या घरासमोर मोकळे प्लॉट, कडक मुरूम, वाळवायला झकास. राखणीला गच्चीवर बसलं तरी चालतं. अर्धी कॉलनी शेतकऱ्यांचीच, कुणाची ना नव्हती. जळणही फुकट, कारण पलीकडच्या प्लॉटिंगात नुकत्याच पाडलेल्या झाडांचे बुंधे अजून तिथंच पडून होते.

रविवार होता. मी घरी होते. पोरगी बारावीच्या क्लासला गेलेली. ट्रॉलीतून हळद आली, कुकर आला, भाऊजी गावाहून आले. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. मग कमरेवर हात ठेवून त्यांनी चारी बाजूला नजर फिरवली. झाड शोधलं. एकही नव्हतं. हसून मला म्हणाले, "मास्तरीणबाई, औंदा काम सोपं हाय. झाडच न्हाई, मग मोहोळ कुठून?"

मीही हसले. चहा टाकायला आत गेले.

कडुलिंबाचा बुंधा ओला होता, धूर दाट निघाला. आधी सरळ वर गेला, मग वारा फिरला आणि धूर टाकीकडं गेला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा मला वाटलं, दुसरा ट्रॅक्टर येऊन राहिला. तसाच आवाज. मग बघते तर टाकीच्या बुडाचा काळा डाग हलून राहिला होता. एक डाग नाही, तिन्ही डाग. हलले, सुटले, आणि खाली आले.

"पळा! मोहोळ उठलं, पळा!" भाऊजी ओरडले.

ट्रे कुठं पडला देव जाणे. गडी पळाले, कुकरवाला ट्रॉलीखाली घुसला, ह्यांनी भाऊजींना ओढत आमच्या दारात आणलं, मी दार लावलं. ह्यांच्या मानेवर माशा, भाऊजींच्या कानात माशा. मी उशीनं, चपलेनं, हाताला लागेल त्यानं मारत सुटले. आणि मारता मारता भिंतीवरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं.

क्लास सुटला होता.

पोरगी ऑटोनं यायची. ऑटो तिला मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सोडायचा. कोपऱ्यावर म्हणजे टाकीजवळ. फोन लावला, उचलला नाही. परत लावला. क्लासमध्ये ती फोनचा आवाज बंद करायची आणि मग चालू करायला विसरायची, त्यावरून मी तिला रोज बोलायची. तिसऱ्यांदा लावला.

हळदीची रिकामी बारदानं मोरीत पडली होती, दोन घेतली, बादलीत बुचकळली, एक अंगावर घेतलं. हे म्हणाले, "थांब, मी जातो." त्यांचा एक डोळा मिटून गेला होता, त्यांना काय दिसणार? मी दार उघडलं.

त्या रस्त्यावर मी किती वेळा चालले असेन, पण तो एवढा मोकळा आहे हे त्या दिवशी कळलं. आडोसा नाही, बुंधा नाही, कुंपणाची मेंदी नाही. जिकडं बघावं तिकडं सपाट मुरूम, आणि मी त्यावर एकटी. बारदानावर टपटप माशा बसत होत्या. हातावर डसल्या, पायावर डसल्या, मला त्याचं काही नव्हतं. मी ओरडत होते, "येऊ नको! तिथंच थांब, येऊ नको!" तोंड उघडलं की बारदानाची ओली घाण तोंडात जायची.

ती कोपऱ्यावर उभी होती. ऑटोतून उतरून, पाठीला बॅग, तोंडाला उन्हाचा स्कार्फ गुंडाळलेला, हातमोजे घातलेले. आमच्याकडच्या पोरी उन्हाला भिऊन अशाच फिरतात, नुसते डोळे उघडे. उभी राहून ती धुराकडं बघत होती. तिला वाटलं असेल, आग लागली. मी तिच्या अंगावर पडले, दुसरं बारदान तिच्यावर टाकलं आणि तिला घेऊन कोरड्या नालीत बसले.

"मम्मी, काय झालं?"

"हलू नको. बोलू नको. तुला कुठं डसली का?"

"न्हाई... पायाला काहीतरी टोचलं."

घोट्याला. चपलेच्या पट्ट्याच्या वर. एवढं सगळं अंग झाकलेलं पोरीनं, अन् तेवढी जागा उघडी होती. मी नखानं काटा काढला. काटा निघाला का कातडी, तेही कळलं नाही.

ऑटोवाला तिला सोडून थोडा पुढं गेला होता. मागं गोंधळ बघून तो खरं तर पळून गेला असता तरी मी काही म्हटलं नसतं. त्यानं दोन्ही बाजूचे पडदे सोडले आणि ऑटो उलटा फिरवून नालीला लावला. "भाभी, अंदर घुसो! जल्दी!" आम्ही बारदानासकट आत पडलो.

"सरकारी दवाखाना," मी म्हटलं. "भैया, इसको मक्खी नहीं चलती. मर जाती."

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. हॉर्नवर हात ठेवला तो दवाखाना येईपर्यंत काढला नाही.

मी पोरीचा स्कार्फ सोडला. तोंड चांगलं होतं. मी म्हटलं, देवा, एवढ्यावर राहू दे. पोरगी म्हणाली, "मला काही न्हाई झालं, मम्मी, तू काहून रडून राहिली?" मग थोडं थांबून म्हणाली, "घसा खाजून राहिला."

पुढं मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. कान लाल झाले, मग ओठ. मग ती शिट्टी आली. इतक्या वर्षांनी, तशीच. तिनं माझा दंड धरला होता, तिची बोटं हळूहळू ढिली होत गेली. मी तिला हाका मारत होते की देवाला शिव्या देत होते, मला माहीत नाही. ऑटोवाला नंतर म्हणाला, दोन्ही.

दवाखान्यात सिस्टरनं एका नजरेत ओळखलं, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडाला नळी लावली. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या स्वतःच्या तोंडावर, हातावर काटे होते, ते एक आया चिमटीनं काढत होती, आणि मला फक्त ती शिट्टी ऐकू येत होती. बऱ्याच वेळानं ती बारीक झाली. मग थांबली. थांबली तेव्हा मी जास्त भ्याले. सिस्टर म्हणाली, "घाबरू नका, श्वास मोकळा झालाय." मी तिथंच खाली बसले.

संध्याकाळी डॉक्टर आले. तरुण मुलगा, चांगला होता. "हिला मोहोळापासून लांब ठेवत जा," म्हणाला.

मी भडकले. "डॉक्टर, लांब म्हणजे कुठं? शेत सोडलं, गाव सोडलं, झाड नसलेली जागा बघून घर बांधलं. आता कुठं ठेवू, सांगा? खिशात ठेवू?"

बिचारा! त्याचा काय दोष?

घरी आले तर भाऊजी ओट्यावर बसलेले. तोंड सुजून ओळखू येत नव्हते. माझ्याकडं बघितलं अन् लेकरासारखे रडायला लागले. "म्या वर पाहिलं व्हतं, बाई. बराबर पाहिलं व्हतं. झाडच न्हाई, मग मोहोळ कुठून आसंल?" पुन्हा पुन्हा तेच. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझी मान तर त्यांच्याही आधी खाली आली होती.

कॉलनीतल्या पोरांनी पेटत्या चिंध्या बांबूला बांधून टाकीखालची मोहोळं जाळली. मला सगळे सांगायला आले, "मॅडम, निपटारा झाला." आठवडा गेला नाही तोच टाकीला परत काळा डाग. एक शाळेच्या छज्ज्याला. एक मंगल कार्यालयाच्या कमानीला, जिथं नवरदेव घोड्यावरून उतरतो. फांदी राहिली नाही तर त्या माशांनी बसावं कुठं? त्या माझ्या पोरीच्या पाठी लागल्यात असं मला रोज वाटतं, आणि तसं काही नाही हेही मला कळतं. कळून उपयोग काय, भीती कमी होत नाही.

आमच्या आसपास आता एकच रान उरलंय, कॉलनीमागच्या ओढ्यापलीकडचं. उंच चिंचा अन् दोन जुने वड. हिवाळ्यात गच्चीवरून बघितलं की त्या वडांना मोहोळं लटकलेली दिसतात, मोजवत नाहीत. औंदा तिथं बोर्ड लागला. तोच प्लॉटवाला. मी शाळेतून परस्पर त्याच्या ऑफिसात गेले.

"भाऊ, ती झाडं पाडू नका," म्हटलं.

त्याला हसूच आलं. "मॅडम, तुमच्याच पोरीला तकलीफ झाली न? तुमी तर पेढे वाटायला पाहिजे. झाडं गेली का मोहोळं गेली."

"कुठं गेली?"

"जातील की कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे माझ्या घरी! तुम्ही इथलं रान पाडलं, ती टाकीला आली. तिकडचं पाडलं, की सगळी इकडं येणार. दुसरं काय हाय आता बसायला? भाऊ, हात जोडते. त्यांना तिथं राहू द्या."

त्यानं चहा सांगितला. माणूस वाईट नाही, पोरीची तब्येत विचारली. "बुकिंग झालं, मॅडम. आता माझ्या हातात काय हाय?" म्हणाला. कॉलनीत कुणाला सोबत बोलवावं तर बाया म्हणाल्या, बरं झालं, बला टळली. उलट त्यांना वाटतं, माझ्याच डोक्यावर परिणाम झालाय. ज्या बाईची पोरगी मरता मरता वाचली, ती मोहोळाची झाडं वाचवायला फिरते!

आज सकाळी ओढ्यापलीकडं मशीन सुरू झाली. मी शाळेत रजा टाकली. सगळ्या खिडक्या लावल्या, फटीत जुन्या साड्या कोंबल्या, मोरीच्या जाळीला पोतं बांधलं. पोरीला मधल्या खोलीत बसवलं. ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पोरगी पुस्तक घेऊन बसलेली, घामानं पान भिजून राहिलं होतं.

"मम्मी, एक खिडकी उघडू का? जीव घाबरून राहिला."

"न्हाई."

तिनं ओढणीनं मान पुसली. मशीन घरघरत होती, थांबत होती, परत घरघरत होती. मग काहीतरी मोठं पडल्याचा आवाज आला, आमच्या मांडणीवरची भांडी वाजली, आणि मशीन बंद झाली. पोरगी उठली आणि तिनं पंखा बंद केला.

"पंख्यानं आवाज कळत न्हाई, मम्मी," म्हणाली.